निळी-काळी शाई: एकच बाटली ठेवायची तर कोणती?

अर्धविराम
शाईपेनवाल्यांनो, एक निवाडा करून द्या. निळी शाई मला शाळेच्या वहीतली वाटते आणि काळी छापल्यासारखी, म्हणून मी पहिल्यापासून ब्लू-ब्लॅकवाला. पण ब्लू-ब्लॅक या नावाखाली जे विकलं जातं त्यातल्या एकाचं दुसऱ्याशी नातं दिसत नाही. पार्करची क्विंक वाळली की हिरवट-करडी वाटते. वॉटरमनची सरळ मोरपिशीकडे झुकते, आता तिचं नावच त्यांनी 'मिस्टीरियस ब्लू' केलंय. पायलटची बघावी तर चांगली निळी.

माझी गरज अशी: रोजनिशी, ऑफिसातल्या मीटिंगच्या नोंदी, वर्षाकाठी चार-दोन पत्रं. पेनं दोन. एक स्टीलच्या मध्यम निबेचं, दुसरं एबोनाइटचं (कडक रबराचं), ड्रॉपरने भरायचं. कागद साधा, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल तो. वर चहा सांडला तरी मजकूर वाचता आला पाहिजे. आणि छटा काळ्याकडे झुकलेली हवी, पण उजेडात धरलं की निळं दिसलं पाहिजे.

कोणती आणि का, दोन्ही सांगा. नुसतं नाव टाकून पळू नका.

नाममात्र
क्विंक. (पळालो.)

मु. पो. चिपळूण
नाममात्र +१. आमच्याकडे दुकानात गेलात की दोनच प्रश्न असतात, 'निळी का काळी?' आणि 'कॅमल चालेल का?' ब्लू-ब्लॅक मागितली की दुकानदार दोन्ही बाटल्या काढून ठेवतो. त्यातल्या त्यात क्विंक मिळून जाते.

पण चहाची अट असेल तर क्विंक बाद. आमच्या पावसात छत्रीच्या टोकावरून एक थेंब वहीवर पडला तरी ओळ वाहते. शिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच इतकं पाणी की लिहिलेलं वाळता वाळत नाही. टीपकागद हाताशी नसेल तर पान उलटू नये.

हिराकस
आयडीला जागून मोठा प्रतिसाद देतोय, ज्यांना रसायन नको त्यांनी खाली सरकावं.

अर्धविराम, तुम्ही छटेवरून निवड करताय, पण ब्लू-ब्लॅकमध्ये मुळात दोन वेगळ्या जाती आहेत. पहिली साधी रंगाची. पाण्यात दोन-तीन रंग विरघळवून हवी ती छटा आणलेली. क्विंक, वॉटरमन आणि डायमिनची नेहमीची ब्लू-ब्लॅक या जातीतल्या. दुसरी लोहाची, इंग्रजीत जिला आयर्न गॉल म्हणतात. हिच्यात हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, आणि मायफळातून निघणारी टॅनिक-गॅलिक आम्लं. बाटलीत असताना हे मिश्रण इतकं फिकं असतं की नुसतं त्यानेच लिहिलं तर ओळ धड दिसणार नाही. लिहिणाऱ्याला दिसावं म्हणून वरून निळा रंग घालतात. कागदावर हवा लागली की फेरसचं फेरिक होतं, आणि त्याचं टॅनिनशी जे संयुग बनतं ते काळं असतं, पाण्यात विरघळत नाही. लिहिताना निळी, दुसऱ्या दिवशी काळपट. मूळची ब्लू-ब्लॅक ही. लंडनच्या हेन्री स्टीफन्सने १८३२ च्या सुमारास असली शाई विकायला सुरुवात केली. हा गृहस्थ वैद्यकीचा विद्यार्थी असताना कवी कीट्सबरोबर एका बिऱ्हाडात राहायचा, हे उगाच सांगितलं.

तुमच्या चहाच्या कपातून या दोघींतली दुसरी जात वाचेल. वरचा निळा रंग धुऊन जाईल, खालची करडी-काळी ओळ राहील. सहज मिळणाऱ्यांत पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक, प्लॅटिनम ब्लू-ब्लॅक, रोहरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स, डायमिनची रजिस्ट्रार्स. लामीची बाटलीतली पूर्वी लोहाची होती, आता नाही, तेव्हा नेटवरची जुनी परीक्षणं वाचून ती मागवू नका.

माझं मत पेलिकनला. ती जरा कोरडी वाहते, त्यामुळे आपल्याकडच्या स्वस्त कागदावर फुटत नाही आणि पाठीमागेही फारशी उमटत नाही.

खडूफळा
मायफळ म्हणजे बाळगुटीत उगाळतात तेच का?

हिराकस
तेच. नाव फळाचं असलं तरी ते फळ नव्हे. ओकच्या फांदीत एक बारीक माशी अंडी घालते आणि त्याभोवती झाड गाठ तयार करतं, ती गाठ. तुरटपणा सगळा टॅनिनचा.

कोपऱ्यातली दौत
म्हणजे जन्मल्याबरोबर आपल्याला शाई पाजतात. तरीच मराठी माणूस दिसेल तिथे दिवाळी अंक काढतो. (हलके घ्या.)

उगवतीकर
मायफळ बाहेरून यायचं, आपल्याकडे त्याचं काम हिरड्याने केलं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात अजून हिरडा गोळा होतो, माझं आजोळ त्या बाजूचं. हिरड्याचा काढा आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग तयार होतो, कापड रंगवायलाही हेच वापरायचे. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो, तीही हीच क्रिया.

मी घरी करून बघितली. हिरडा ठेचून रात्रभर भिजवला, उकळून गाळला, त्यात चिमूटभर हिराकस आणि थोडा बाभळीचा डिंक. टाकाने आणि बोरूने सुरेख उठते. पेनात मात्र घालू नका, तळाशी गाळ बसतो.

निबनिरंजन
पेनात घालू नका हे वाक्य मी दुकानातल्या लोहाच्या शाईबद्दलही म्हणेन. हिराकस साहेबांनी गुण सांगितले, दुर्गुण शिताफीने गाळले. ही शाई आम्लधर्मी असते, आम्ल नसेल तर लोह बाटलीतच खाली बसेल. ते आम्ल स्टीलच्या निबेला खातं. माझ्याकडच्या एका जुन्या पेनाच्या निबेचं सोनेरी पाणी शाईत बुडलेल्या भागावरून साफ गेलंय. सोन्याच्या निबेला काही होत नाही, पण अर्धविराम यांची निब स्टीलची आहे.

आणि चार दिवस पेन तसंच पडलं की जिभेत (निबेखालच्या, शाई निबेपर्यंत आणणाऱ्या भागात) काळा चिकटा धरतो तो वेगळाच. जुन्या युरोपी हस्तलिखितांत जादा हिराकसमुळे कागद जळून अक्षरांच्या आकाराची भोकं पडली आहेत. आपल्याकडची मोडी कागदपत्रं बघा, काजळाची शाई, आजही काळीभोर आणि कागदाला धक्का नाही.

हिराकस
निरंजन, भोकं पडली ती टाकाच्या शाईने. तिच्यात हिराकस हाताला येईल तेवढं टाकायचे. पेनाच्या आजच्या शायांत लोहाचं प्रमाण बरंच कमी असतं. काजळाची शाई उत्तम, कबूल, पण ती पेनात भरून दाखवा. कार्बनचे कण आणि डिंक, दुसऱ्या दिवशी जीभ बसलेली.

निगा मात्र लागते, ती अशी. पेन रोज वापरातलं हवं. तीन-चार आठवड्यांनी साध्या पाण्याने धुवायचं. चिकटा धरलाच तर पाण्यात थोडं व्हिनेगर किंवा व्हिटॅमिन सी विरघळवून पेन थोडा वेळ भिजवायचं, मग भरपूर पाणी. ब्लीच अजिबात नको, त्याने लोहाचा गंज होऊन आतच बसतो. आणि दुसऱ्या शाईवर ही भरायची नाही. अल्कधर्मी शाईशी गाठ पडली की पेनातच साका तयार होतो.

नाममात्र
इतकी पथ्यं तर मला डॉक्टरांनी पण दिलेली नाहीत. क्विंक.

लेजरबुक
धागा वाचून राहवलं नाही. मी बँकेत लागलो तेव्हा लेजरं हाताने लिहायची होती. आमच्या शाखेत हेड क्लार्क सकाळी दौतीत शाई भरून घ्यायचे आणि ब्लू-ब्लॅकशिवाय दुसरी टेबलावर चालत नसे. कारण साधं. खोडाखोड करायची तर ब्लेडने खरवडावं लागे आणि कागद सोलवटलेला लगेच दिसे. साधी निळी शाई पाण्याच्या बोळ्याने उतरायची. नवा बॉलपेन घेऊन आलेल्या पोराकडे ते असे बघायचे की त्याने बूट घालून देवघरात पाय ठेवलाय.

निबनिरंजन, तुमच्या मोडीच्या मुद्द्याला पूर्ण सहमती. पण लेजर पन्नास वर्षं उघडी पडलेली नसतात, त्यांना दहा वर्षं निभावली की झालं.

डावखुरी
सगळे पाण्याबद्दल बोलताय, माझा शत्रू माझा स्वतःचा हात आहे. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा पंजा ताज्या ओळीवरून सरकत जातो. त्यात मराठीचं वेगळंच दुखणं. शब्द पूर्ण झाल्यावर शिरोरेघ ओढायला हात परत मागे न्यायचा, म्हणजे आत्ताच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून दोनदा फिरवायचा. इंग्रजी लिहिताना माझा तळहात निळा होतो, मराठीत मनगटापर्यंत.

त्यामुळे मी वाळण्यावरून निवडते, रंग नंतर. बारीक निब आणि पेलिकन ब्लू-ब्लॅक ही जोडी मला मानवली. वॉटरमनचा रंग जास्त आवडतो, पण ती सढळ वाहते.

उगवतीकर
@डावखुरी, मोडी शिका. आधी पानभर रेघा ओढून घ्यायच्या आणि मग खाली अक्षरं टांगत जायचं. शिरोरेघेसाठी मागे यायला नको.

डावखुरी
उपाय रोगापेक्षा भारी आहे. पण हसले.

लीड्सवासी
इकडची गंमत सांगतो. इंग्लंडात लग्नाची नोंद रजिस्टरमध्ये हाताने व्हायची आणि तिला खास रजिस्ट्रार्स इंक लागायची, तीच लोहाची ब्लू-ब्लॅक. मे २०२१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाच्या नोंदी इलेक्ट्रॉनिक झाल्या. आमचं लग्न त्याआधीचं, त्यामुळे सह्या त्या शाईतल्या आहेत. सही करताना रजिस्ट्रार बाईंनी बजावलं, कपड्यांना लावू नका, निघत नाही. बायकोच्या शालूच्या काठाकडे बघत मी आयुष्यातली सगळ्यात सावध सही केली.

डायमिन लिव्हरपूलची, १८६४ पासूनची. त्यांची रजिस्ट्रार्स मी घरी वापरतो. लिहिल्यावर मिनिटभरात डोळ्यांदेखत काळी व्हायला लागते. पेलिकनपेक्षा कडक आहे, म्हणून महागड्या पेनात भरत नाही.

कोपऱ्यातली दौत
म्हणजे लग्न पुसता येऊ नये म्हणून सरकार स्वतः शाई ठरवून द्यायचं. आपल्याकडे ती काळजी बोटाला, म्हैसूरची शाई!

खडूफळा
अवांतर होतंय, पण मतदानाच्या शाईचं रसायन वेगळं आहे. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट, ते कातडीवर उजेडात काळं पडतं. म्हैसूर पेंट्सचा कारखाना १९३७ सालचा, निवडणुकीला ही शाई १९६२ पासून. पेनात भरायचा विचार करू नका, नाममात्र.

मूळ विषयावर: नववीच्या मुलांकडून शाईतले रंग वेगळे करायचा प्रयोग करून घेतो. गाळणकागदाची पट्टी, खालच्या बाजूला शाईचा ठिपका, पट्टीचं टोक पाण्यात. साध्या ब्लू-ब्लॅकचे रंग वर चढत चढत सुटे होतात, हिरवट कुठून येतो ते तिथे स्वच्छ कळतं. अर्धविराम यांनी घरी हे करून बघावं, पुढे बाटली निवडायला डोळा तयार होतो. लोहाच्या शाईचा ठिपका आधी एक दिवस वाळू दिला तर काळा भाग जागेवरून हलत नाही. मुलांना तो फरक भारी वाटतो.

मु. पो. चिपळूण
चेकवर कुठली चालते? मध्यंतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं की रिझर्व्ह बँकेने काळ्या शाईवर बंदी आणली.

लेजरबुक
अफवा होती, सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेच तसं जाहीर केलं. रिझर्व्ह बँकेने शाईचा असा कुठला रंग ठरवून दिलेला नाही. आता चेकची प्रतिमा पुढे जाते, तेव्हा ती स्पष्ट उठेल अशी गडद आणि न पुसणारी शाई असली की झालं. ब्लू-ब्लॅक बिनधास्त वापरा.

नाममात्र
आणि हिरवी? ती फक्त गॅझेटेड ऑफिसरनेच वापरायची ना?

लेजरबुक
अर्धवट खरं. केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीच्या मॅन्युअलमध्ये सहसचिव आणि त्याच्या वरच्यांना क्वचित प्रसंगी हिरवी किंवा लाल वापरता येईल असं आहे, फाईलवरच्या शेऱ्यांपुरतं. घरी तुम्ही किराण्याची यादी हिरव्या शाईत लिहा, कोणी पकडायला येणार नाही.

निबनिरंजन
वळा आता मूळ प्रश्नाकडे, नाहीतर जांभळ्या शाईपर्यंत जाल.

लोहाची नको आणि पाण्याला टिकणारी हवी, तर दोन वाटा आहेत. पहिली पायलटची साधी ब्लू-ब्लॅक. तिच्यात लोह नाही, तरी कागद धरून ठेवते. पाणी पडलं तर थोडा निळा धुरळा उडतो, अक्षर उरतं. जपानात ती ३५० मिलीच्या मोठ्या बाटलीत विकतात यावरून तिथे किती खपते ते ओळखा. दुसरी सेलरची सेई-बोकू, ती पिगमेंटची आहे. बारीक कण कागदावर घट्ट बसतात, पाण्याने ढिम्म हलत नाहीत. महाग आहे आणि पेनात वाळू द्यायची नाही, इतकीच अट.

रंगासाठी म्हणाल तर पायलटच्याच इरोशिझुकू मालिकेतली शिन-काई. खोल समुद्राचं नाव आहे आणि छटाही तशीच, करड्याच्या कडेला टेकलेली निळी. तिच्यावर पाणी सांडलंत तर मला सांगू नका.

हिराकस
लोहाची शाई स्टीलला खाते म्हणून नको, आणि पिगमेंट वाळली तर पेन कायमचं बसतं, ती चालते! लोहाचा चिकटा निदान व्हिनेगरने सुटतो, पिगमेंटचं काय कराल?

निबनिरंजन
पेन वापरीन. रोज वापरणाऱ्याचं पेन वाळत नाही, हे तुम्हीच वर लिहिलंय.

अर्धविराम
अरे बापरे, इतकं अपेक्षित नव्हतं. सगळ्यांचे आभार. गाळणकागदाचा प्रयोग आज करणार, घरात चार बाटल्या पडल्यात.

माझ्या ध्यानात आलं ते असं: स्टीलची निब रोज चालते, तिच्यात पेलिकन भरून बघतो आणि महिन्याला धुतो. ड्रॉपरच्या पेनाचं कळत नाही. त्यात एका वेळी दोन-अडीच मिली शाई बसते, ती संपायलाच दोन महिने लागतात. मधे धुणार कधी? शिवाय अर्धं रिकामं झालं की ते पेन घळकन थेंब टाकतं.

हिराकस
त्यात लोहाची भरू नका, इथे मी निरंजनच्या बाजूने. एबोनाइटला काही होणार नाही, पण ज्या पेनात शाई महिनोन्‌महिने मुरते त्यात पायलट बरी.

थेंब पडायचं कारण शाईत नाही. टाकीत शाई कमी, हवा जास्त. हाताच्या उबेने हवा प्रसरण पावते आणि शाईला जिभेतून बाहेर ढकलते. एक तृतीयांशाखाली उतरू द्यायचं नाही, त्याआधी भरायचं. खिशातून काढल्यावर टोक वर करून थोडं थांबायचं, मग लिहायचं.

डावखुरी
आणि दोन्ही पेनांना वेगळे ड्रॉपर ठेवा.

कोपऱ्यातली दौत
'एकच बाटली' म्हणून धागा काढला होता ना यांनी? दोन झाल्या, तिसरी शिन-काई महिन्याभरात येते की नाही बघा.

रच्याकने (बाय द वे), पुण्यातल्या लोकांनी शाईकट्टा करायचा का? ज्याच्याकडे जी ब्लू-ब्लॅक आहे ती छोट्या कुपीत आणायची, सगळ्यांनी एकाच साध्या वहीवर लिहायचं, अर्धं पान पाण्यात बुडवायचं आणि अर्धं खिडकीतल्या उन्हात चिकटवून महिनाभर ठेवायचं. पन्नास मिलीची बाटली आंधळेपणाने घेण्यापेक्षा दोन मिली चाखलेली बरी.

उगवतीकर
येतो. हिरड्याची आणतो, टाकासकट.

लेजरबुक
मीही. माझ्याकडे बँकेतला लाकडी टीपकागदाचा डोलता ठोकळा आहे, तो आणतो. जागा ठरवा, जिना नसलेली बघा.

नाममात्र
मी क्विंक आणतो. तुलनेला काहीतरी लागेलच ना.

खडूफळा
कुप्यांवर नाव आणि लोहाची की साधी ते लिहून आणा. बुचं घट्ट लावा, आणि पांढरे कपडे घालून येऊ नका.